अकरा जणांचा हिशेब आणि भुताची चौकशी

मागच्या अंकात माझ्या रविवारच्या पायी फेरीवर एक छोटा मजकूर आला होता. शनिवारवाड्यापासून लकडी पुलापर्यंत चालत जायचं, वाटेत खून, फाशी, प्लेग आणि पूर. त्यावर सत्तावीस पत्रं आली. संपादक म्हणाले, सगळ्यांना उत्तरं द्या. सगळ्यांना देत नाही, कारण नऊ जणांनी एकच प्रश्न विचारलाय. तोच आधी घेते.

प्रश्न : अमावस्येच्या रात्री शनिवारवाड्यात 'काका, मला वाचवा' असं ऐकू येतं, हे खरं का? रात्रीची फेरी असते का? (सांगली, आणि आणखी आठ ठिकाणं)

नाही, आणि नाही. वाडा संध्याकाळी बंद होतो आणि किल्ली माझ्याकडे नसते. शिवाय तुम्ही अमावस्या म्हणता, आमचे रिक्षावाले पौर्णिमा म्हणतात. भुताचं पंचांग आधी ठरू दे.

दुसरी अडचण अशी की आवाज ज्या खोलीतून यायचा ती खोलीच आता नाही. २७ फेब्रुवारी १८२८ ला वाड्याला आग लागली आणि ती आठवडाभर धुमसत होती. लाकडी मजले, महाल, सगळं गेलं. आज तुम्ही बघता ते तट, दरवाजे, जोती आणि हजारी कारंजं. लोक एका रिकाम्या जोत्यावर उभे राहून कान टवकारतात, मग फोन काढून रेकॉर्डिंग करतात. त्यात बाजीराव रस्त्यावरच्या बसचा हॉर्न मात्र स्वच्छ येतो.

आवाज सोडा, घडलं ते सांगते. ३० ऑगस्ट १७७३, सोमवार. भाद्रपद शुद्ध त्रयोदशी, म्हणजे वाड्यात गणपती बसलेले आणि दुसऱ्या दिवशी अनंत चतुर्दशी. नारायणराव पेशवे अठरा वर्षं आणि वीस दिवसांचे. राघोबादादा, त्यांचे काका, त्याच वाड्यात नजरकैदेत. काहीतरी शिजतंय असा इशारा त्या सकाळी रघूजी आंग्र्यांनी नारायणरावांना दिला होता. त्यांनी हरिपंत फडक्यांना बंदोबस्त करायला सांगितलं. हरिपंत म्हणाले करतो, आणि आधी एका स्नेह्याकडे जेवायला गेले. मी हे सांगते तेव्हा लोक हसतात. मी हसत नाही, कारण सणासुदीच्या दिवसांत दुपारचं पान वाढून ठेवलेलं असताना 'आधी जेवून घेऊ' असं मीही म्हटलं असतं.

दुपारी थकलेल्या पगाराचा बहाणा करून गारदी, म्हणजे भाडोत्री शिपाई, आत घुसले. नारायणराव पळत काकांच्या दालनात गेले आणि त्यांना मिठी मारली. तुळाजी पवाराने त्यांना ओढलं, सुमेरसिंगाने तलवार चालवली. चापाजी टिळेकर हा सेवक धन्यावर आडवा पडला, तोही गेला. इच्छारामपंत ढेरे गेले. अर्ध्या तासात सगळं संपलं. मृतदेह ज्या दरवाजातून बाहेर काढला त्याला आज नारायण दरवाजा म्हणतात.

मी बरीच वर्षं हे इथपर्यंतच सांगायचे. एकदा फेरीत एक आजोबा होते, निवृत्त लेखापरीक्षक, छत्री आणि वही घेऊन आलेले. इतिहासकार सरदेसायांनी मेलेल्यांचा आकडा अकरा दिलाय, हे मी त्या दिवशी ओघात बोलून गेले. आजोबांनी वहीतून डोकं वर काढलं. "बाई, अकरा म्हणालात. नावं तीन दिलीत. बाकी आठ कुठे?" मी म्हटलं, "बाकीचे इतर." ते म्हणाले, "इतर हे खातं आम्ही ऑडिटमध्ये कधी मान्य केलं नाही."

मी स्वतः बँकेत तीस वर्षं काढली आहेत. फार लागलं. घरी येऊन पान काढलं. सात ब्राह्मण, नारायणराव धरून. दोन मराठा सेवक. आणि दोन दासी. पेशवाईत दासी म्हणजे बहुतेकदा कुणबीण, विकत घेतलेली, विकता येणारी बाई. त्या दोघींचं वाड्याच्या राजकारणात काय होतं? काही नाही. त्या दुपारी त्या कामावर होत्या, एवढंच.

तेव्हापासून नारायण दरवाज्यात मी आधी आकडा सांगते, मग गट. नारायणराव शेवटी येतात. काही लोकांना हे आवडत नाही, त्यांना किंकाळी आधी हवी असते. असो.

प्रश्न : आनंदीबाईंनी 'ध' चा 'मा' केला, हे तुम्ही सांगता की नाही? (नाशिक)

सांगते, पण दंतकथा म्हणून. 'धरावे' चं 'मारावे' केलेला तो अस्सल कागद आज कुणी दाखवू शकत नाही. रामशास्त्री प्रभुण्यांनी चौकशी केली आणि दोषी धरलं ते राघोबादादांना. पुढच्या दोन-अडीचशे वर्षांत बोट मात्र बायकोकडे वळलं. एक अक्षर खोडणारी कारस्थानी बाई ही गोष्ट सांगायला सोपी, नाटकात घालायला सोपी आणि नवऱ्याला सोयीची. तुम्ही नाशिकच्या, म्हणजे गंगापूर रोडवरून आनंदवल्लीत गेला असालच. ते नाव त्यांच्याच नावावरून पडलंय.

प्रश्न : मी नववीच्या वर्गाची शिक्षिका आहे. सहलीत ही फेरी ठेवावी का? मुलांना खून-फाशी दाखवणं योग्य आहे का? (इचलकरंजी)

बाई, तुमची मुलं मोबाइलवर काय बघतात ते तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त माहीत. ठेवा. पण नववीसाठी मी शनिवारवाडा वीस मिनिटांत उरकते आणि जास्त वेळ १८९७ ला देते.

कारण सोपं आहे. तुमच्या वर्गातल्या मुलांनी मास्क लावलेत, घरात कोंडून घेतलंय. २०२० च्या मार्चमध्ये सरकारने जो साथरोग कायदा काढला तो १८९७ चाच. मुंबईतून प्लेग पुण्यात आला तेव्हा तो केलेला. त्याच्या जोरावर वॉल्टर चार्ल्स रँडच्या प्लेग कमिटीने गोऱ्या सोजिरांकरवी घरोघर झडत्या घेतल्या. सोजीर बुटांसकट देवघरात. सामान रस्त्यावर, काही जाळलेलं. काखेत, जांघेत गाठ आहे का म्हणून बायकांचीही तपासणी. संशय आला की छावणीत. मुलांना मी विचारते, साथ थांबवायला झडती घ्यावी लागली तर ती कशी घ्याल? पाचच मिनिटांत वर्गात दोन तट पडतात. एकदा एका मुलीने सांगितलं, आमच्या गल्लीत करोनात पत्रे ठोकले होते आणि आजोबांना शेवटचं बघता आलं नाही. त्यानंतर मला रँड समजावून सांगावा लागला नाही.

२२ जून १८९७ ला, व्हिक्टोरिया राणीच्या राज्याच्या साठाव्या वर्षाचा समारंभ गव्हर्न्मेंट हाउसमध्ये झाला. ते म्हणजे आजच्या विद्यापीठाची मुख्य इमारत. तिथून परतताना गणेशखिंड रस्त्यावर रँडवर गोळी झाडली. 'गोंद्या आला रे' ही चापेकर बंधूंची खूण. मागच्या गाडीतला लेफ्टनंट आयर्स्ट जागीच गेला. रँड ३ जुलैपर्यंत जगला. दामोदर, वासुदेव आणि बाळकृष्ण चापेकर, चिंचवडच्या एका कीर्तनकाराचे तीन मुलगे, साधारण तेरा महिन्यांच्या आत फासावर गेले. त्यांचा मित्र महादेव रानडेही गेला. तारखा पाठ करून घेऊ नका. त्या घरात मागे किती बायका राहिल्या, हे मुलांना विचारू द्या.

आणि त्याच वर्षीचा १० मार्च विसरू नका. मुंढव्याच्या एका आजारी मुलाला पाठीवर घालून सावित्रीबाई फुले हडपसरजवळच्या आपल्या मुलाच्या, डॉक्टर यशवंतच्या दवाखान्यात गेल्या. त्यातच त्यांना प्लेग झाला आणि त्या गेल्या. रँडच्या खुनाला तीन महिने होते. कमिटीचे सोजीर आणि पाठीवर पोर घेतलेली बाई, दोघंही प्लेगशीच लढायला निघाले होते. नववीला एवढं पुरे.

प्रश्न : तुम्ही पुण्याचा इतिहास दाखवता की पुण्याची बदनामी करता? पेशव्यांनी अटकेपार झेंडे लावले ते तुम्हाला दिसत नाहीत का? (सदाशिव पेठ, पुणे. नाव छापू नये.)

नाव छापत नाही, अक्षर मात्र ओळखलं. आपण एकाच वाचनालयात जातो.

अटकेचे झेंडे दिसतात. त्यासाठी वेगळी फेरी आहे, शनिवारची, तिलाही या, पैसे घेणार नाही. ही फेरी मात्र त्याच गावच्या दुसऱ्या चोपडीची आहे. आणि त्यात माझ्या पदरचं काही नाही. घाशीराम कोतवालाच्या कोठडीत १७९१ च्या ऑगस्टमध्ये तेलंगी ब्राह्मण कोंडले गेले. वीसहून जास्त जण गुदमरून मेले. मग याच शहराने घाशीरामला गारपिराजवळ दगडांनी ठेचलं. १८०१ मध्ये दुसऱ्या बाजीरावाने विठोजी होळकरांना हत्तीच्या पायी दिलं. त्यांच्या भावाने, यशवंतरावांनी, पुढच्या वर्षी २५ ऑक्टोबरला, ऐन दिवाळीत, हडपसरला बाजीरावाच्या आणि शिंद्यांच्या फौजेचा धुव्वा उडवला. बाजीराव पळाला तो वसईला, आणि वर्ष संपता संपता इंग्रजांशी तह करून बसला. झेंडे का उतरले ते बघायला हत्तीपासून सुरुवात करावी लागते, एवढंच माझं म्हणणं.

आता बदनामीबद्दल. फेरीतला सगळ्यात काळा मजकूर मी सांगत नाही, वाचून दाखवते. तो १८५५ सालचा आहे. फुल्यांच्या शाळेत शिकणाऱ्या मुक्ता साळवे या मातंग मुलीने चौदाएक वर्षांची असताना एक निबंध लिहिला, तो 'ज्ञानोदय'मध्ये छापून आला. त्यात ती म्हणते की पेशवाईत तालीमखान्यासमोरून मांग-महार गेला तर गुलटेकडीच्या मैदानात त्याच्या शिराचा चेंडू आणि तलवारीचा दांडू करून खेळत. मोठ्या इमारतींच्या पायात तेलशेंदूर पाजून तिच्या जातीची माणसं पुरत, असंही ती म्हणते. गुलटेकडीला आज मार्केट यार्ड आहे. कांदे-बटाटे तुम्हीही तिथूनच आणता.

पेशवाई जाऊन तेव्हा सदतीस वर्षं झाली होती. म्हणजे मुक्ताच्या आजी-आजोबांनी जे पाहिलं, ते तिने लिहिलं. कोणत्या खुनाला कागद आहे आणि कोणत्याला नाही, हे मी तुम्हाला शांतपणे दाखवू शकते. पण ती चौदा वर्षांची पोर पुण्याची बदनामी करत होती, असं तुम्ही तिच्या समोर उभे राहून म्हणाल का? या एकदा. आल्याचा चहा माझ्याकडून.

प्रश्न : लंडनमध्ये 'जॅक द रिपर' ची रात्रीची फेरी फारच थरारक असते. गाईड काळा झगा, टोपी घालतात. आपल्याकडे असं का नाही? (लंडन)

मी केलीय ती. लेक तिकडे असते, तिने हौसेने तिकिटं काढली. व्हाइटचॅपल, पाऊस, टोपीवाला गाईड. दीड तास तो खुनी कोण असेल यावर बोलला. डॉक्टर, खाटीक, राजघराण्यातला कोणीतरी. खून झालेल्या पाच बायकांची नावं त्याने स्टेशनं घोषित केल्यासारखी एका दमात संपवली.

मायटर स्क्वेअरमध्ये मी थांबले. तिथे ३० सप्टेंबर १८८८ च्या पहाटे कॅथरीन एडोज सापडली. दारू प्यायलेली म्हणून पोलिसांनी तिला ठाण्यात बसवलं होतं आणि रात्री एकच्या सुमाराला सोडून दिलं. पुढच्या तासाभरात ती मेलेली होती. सोडलं नसतं तर? रात्री एक वाजता बाईला सोडून द्यायचं की नाही, हा प्रश्न आपल्या कुठल्याही ठाण्यात आजही पडतो. झग्यापेक्षा मला तो भीतीदायक वाटला. लेक म्हणाली, आई, इथे तरी नको.

झगा मी घालणार नाही. पुण्यातल्या उन्हात शोभणारही नाही.

प्रश्न : जोशी-अभ्यंकर खून जिथे झाले ती घरं दाखवता का? (ठाणे)

नाही. जानेवारी १९७६ ते मार्च १९७७ मध्ये दहा माणसं गेली. चौघांना २७ नोव्हेंबर १९८३ ला येरवड्यात फाशी झाली. खून झाले तेव्हा मी आठवीत होते. नारायण पेठेतल्या आमच्या वाड्याच्या दिंडीला कधी कडी नसायची, ती त्या हिवाळ्यात लागायला लागली. वडिलांनी दाराला साखळी बसवून घेतली. पेठेतल्या सुताराला त्या दिवसांत श्वास घ्यायला फुरसत नव्हती. संध्याकाळी सातनंतर कुणी आलं तर आई आधी आवाज ओळखायची, मग उघडायची. माझी सख्खी आत्या एकदा दहा मिनिटं बाहेर उभी होती, कारण तिला सर्दी झाली होती.

एवढं मी सांगते, चालता चालता. पत्ते सांगत नाही. त्या घरांतली माणसं, नातेवाईक याच गावात आहेत, भाजी आणायला जातात. नारायणरावांचं घराणं माझ्या फेरीमुळे रडत बसणार नाही. इथे तसं नाही.

प्रश्न : वय ६८, गुडघे बेताचे. झेपेल का? (डोंबिवली)

झेपेल. अडीच तास, पण पाच ठिकाणी बसायला कट्टे आहेत. ते मी माझ्या गुडघ्यांसाठीच निवडलेत. वाड्यात दगड उंचसखल आहेत, चपला नकोत, पट्ट्याचे सँडल घाला. स्वच्छतागृह सुरुवातीलाच उरका, पुढे भरवसा नाही. जुलै-ऑगस्टमध्ये येऊ नका, लकडी पुलाजवळ पाणी उडतं.

प्रश्न : शनिवार पेठेतला आमचा वाडा पुढच्या महिन्यात पाडणार. आतल्या भिंतीवर पानशेतच्या पुराची रेघ आहे, आजोबांनी ओढलेली. बिल्डर म्हणतो, फोटो काढून घ्या. एवढ्यावर भागेल का? (पुणे)

नाही भागणार. हे पत्र मी मुद्दाम शेवटी ठेवलं.

१२ जुलै १९६१, बुधवार. पानशेतचं मातीचं धरण अजून पुरतं बांधून झालेलं नव्हतं. जवानांनी रात्रभर वाळूची पोती रचली म्हणून ते सकाळपर्यंत टिकलं. मग फुटलं, आणि त्या लोंढ्याने खालचं खडकवासलाही फोडलं. दिवसा झालं म्हणून माणसं पर्वतीकडे पळू शकली. हेच मध्यरात्री झालं असतं तर शनिवार, नारायण पेठांत काय उरलं असतं कुणास ठाऊक.

माझी आई तेव्हा नवी नवरी होती. पाणी उतरल्यावर ती परत आली. डब्यातल्या तुरी फुगून झाकण उचललेलं. लग्नाचा शालू ट्रंकेत सापडला, पण चिखलाचा रंग काठात असा बसला की तो पुढे कधी गेला नाही. माझ्या धूसर आठवणीत तो शालू मुळातच तपकिरी होता. वडिलांनी माजघराच्या चुन्याच्या भिंतीवर खिळ्याने एक रेघ ओढली, पाणी आलं तिथवर. खाली तारीख. दर गणपतीला घराला रंग द्यायचे तेव्हा ती रेघ वगळून द्यायचे. लहानपणी आम्ही तिला पाठ लावून उंची मोजायचो. मी दहावीत गेले तरी बुडालेलीच होते.

आमचा वाडा पाडला तेव्हा मीही फोटोच काढला. आज तो बघते तर भिंत दिसते, रेघ दिसते, तारीखही वाचता येते. पण शेजारी ना माणूस, ना पट्टी, ना जमीन. रेघ किती उंचीवर होती ते मला सांगता येत नाही. आई असती तर तिने हात वर करून दाखवलं असतं.

तर असं करा. फोटो काढाच, पण भिंतीला मोजायची टेप लावून, टेपचं शून्य जमिनीला टेकवून. घरातल्या कुणाला तरी शेजारी उभं करा. तो चुन्याचा तुकडा मागच्या विटांसकट कापून काढता येतो, पण बिल्डरचा माणूस नको, जुन्या वाड्यांची डागडुजी करणारा गवंडी बघा. आधी कडेने जाड कापड डकवून घ्यायला सांगा, नाहीतर चुना भुरभुर सुटतो. आणि एक महत्त्वाचं. रेघेची उंची रस्त्यापासून मोजू नका. साठ वर्षांत डांबरावर डांबर टाकून रस्ते चढलेत, तुमच्याकडे तर उंबऱ्याला लागले असतील. वाड्याच्या जोत्यापासून मोजा. जोतं तिथेच आहे, जिथे १९६१ ला होतं. येत्या रविवारी फेरी साडेनऊला संपते, मी टेप घेऊन येते.